लांडगा बघायचा, ओरडायचं नाही

बंकटच्या मुलीनं त्याला मोबाइल घेऊन दिला, तेव्हा गावात सगळ्यांनी एकच विचारलं, ह्याला कशाला? नेकनूरच्या पुढं डोंगरात आमची वाडी आहे. या टेकडीवरून त्या टेकडीवर बंकटनं हाक मारली की मधल्या ओढ्यातल्या म्हशी माना वर करतात. फोनवरही तो तेवढ्याच जोरानं बोलतो. पलीकडचा माणूस फोन हातभर लांब धरतो, तरी त्याला सगळं ऐकू येतं. अशा माणसाला मी तीन दिवस गप्प बसायच्या कामावर लावलं. चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो.

मी इथल्या शाळेवर मास्तर आहे. गेल्या वर्षी एका प्रशिक्षणाला पुण्याला गेलतो, तिथं मोहिनीताई भेटल्या. दर पावसाळ्यात आठ-दहा जणांचा गट घेऊन त्या डोंगरात जातात आणि प्राणी दाखवून आणतात. जायचं ते नेहमी कोकणाच्या अंगाला. मी म्हणालो, एकदा आमच्या बालाघाटात या. त्या हसल्या. "बीडला डोंगर आहेत?" म्हणाल्या, आणि वर, "पाऊस पडतो तिकडं?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी सुरूच झालो. भादव्यात आमचे डोंगर बघा, गवत गुडघ्याला लागतं, ढग पत्र्यांवर टेकतात, मोर कोंबड्यांसारखे अंगणात फिरतात. शेवटी म्हणालो, "आणि लांडगा. आहे का तुमच्या कोकणात लांडगा?" यावर ताईंनी वहीत 'बीड' लिहून घेतलं आणि मी तोंडघशी पडायची पूर्ण तयारी करून गावी परतलो.

यंदा पाऊस चांगला झाला आणि त्या खरंच आल्या. त्या धरून नऊ माणसं, नऊ रंगांचे रेनकोट. राहायला शाळेच्या दोन खोल्या, जेवायला वाडीतल्या बायकांच्या हातचं पिठलं-भाकरी. ताईंनी पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "लांडगा नीट दिसला, तर दर भादव्यात येऊ. नाही दिसला तर मात्र आम्हाला आमचं कोकण बरं." वाडीतल्या बायकांनी तेवढ्यात पुढच्या वर्षीच्या चटण्या ठरवून टाकल्या.

लांडगा दाखवणार कोण, तर बंकट. दुसरं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. साठीचा गडी, जन्म मेंढरामागं, पालात. शाळा दुसरीपर्यंत, तीही खिडकीशी बसून, कारण मेंढरं बाहेर असायची. कुठल्या घळीत सायाळ आहे, कुठल्या झुडपाखाली सशानं बूड टेकलं होतं, हे तो चालता चालता सांगतो. एकच गोष्ट मी विसरलो. नऊ वर्षांचा असताना त्यानं पहिला लांडगा बघितला, तेव्हा तो भान हरपून बघतच राहिला आणि त्या जनावरानं त्याच्या डोळ्यांदेखत कोकरू नेलं. बापानं काठी मोडेस्तोवर मारलं. तेव्हापासून लांडगा दिसला की बंकटचा घसा आधी उघडतो, डोळे मागून.

पहिल्या दिवशी झुंजूमुंजू होताच निघालो. भुरभुर पाऊस, पायाखाली चिखल, वर धुकं. नऊ रेनकोट एका ओळीत, पुढं घोंगडी पांघरलेला बंकट. खडकाआड दबून बसलो. विजयसिंह म्हणून एक निवृत्त इंजिनिअर होते, त्यांच्या कॅमेऱ्याची नळी दुधी भोपळ्याएवढी. ती त्यांनी खडकावर ठेवली, पुसली, परत पुसली. आणि समोरच्या उतारावर, गवतातून, राखाडी-तांबूस काहीतरी वर आलं. लांडगाच! 

"हाऽऽऽड! हाऽऽऽड बे! हाऽऽऽड!"

बंकट खडकावर उभा. हातात धोंडा. धोंडा गेला, लांडगा त्याच्या आधी गेला, आणि समोरच्या डोंगरानं ते 'हाड' तीनदा परत दिलं. विजयसिंहांच्या कॅमेऱ्यात आभाळाचा फोटो आला. बंकटनं हात झटकले आणि शाबासकीच्या अपेक्षेनं आमच्याकडं बघितलं.

"गेलं न्हवं? आता दुपारपोतर येत न्हाई. बसा निवांत."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मोहिनीताई मात्र चिडल्या नाहीत. त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि समजावून सांगितलं, की काका, आम्ही त्याला बघायलाच इतक्या लांबून आलोय, हाकलायला नाही.

"बगायचं अन् जाऊ द्यायचं?"

"हो."

"मंग ते जाईल कुटं? मेंढरातच की!"

"आत्ता इथं मेंढरं नाहीत ना पण."

बंकटनं डोकं खाजवलं. "ताई, तुमी म्हंता तर गप बसतो. पर कावून बगायचं त्याला, ते काय मला कळंना."

मला त्याच्या 'गप बसतो'चा भरवसा नव्हता. संध्याकाळी मी त्याला बिरोबाच्या देवळात नेलं आणि भंडारा उचलायला लावला. पावणे जाईपर्यंत डोंगरात ओरडणार नाही, बिरोबाची आण. त्यानं आण घेतली तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. भंडारा उचलून दिलेला शब्द धनगराच्या घरात कुणी मोडत नाही. बंकटनं तर साधा बोललेला शब्दही कधी फिरवलेला नाही. त्याची बायको साखराबाई देवळाच्या पायरीवर उभी होती. ती मला म्हणाली, "गुरजी, ह्यांच्या तोंडाला दारच न्हाई, नुसती चौकट हाय. कडी कुटं लावताव तुमी?"

दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं कमाल केली. घोंगडीचं टोक दातात धरून बसला. दिसेल ते हनुवटीनं दाखवायचा. हनुवटी डावीकडं गेली की मोर, खाली गेली की ससा, आणि दोनदा झटक्यानं वर गेली तेव्हा कड्यावर चिंकारा उभा होता. पुण्याची माणसं दुपारपर्यंत त्याची हनुवटी वाचायला शिकली. एका पानाखाली हिरवागार साप होता तो विजयसिंहांना दिसेना, तेव्हा बंकटनं त्यांचं डोकंच दोन्ही हातांत धरून त्या दिशेला वळवलं. विजयसिंह खूश. लांडगा मात्र दिवसभर दिसला नाही, आणि न बोलल्यामुळं बंकटला उचक्या लागल्या त्या जेवेपर्यंत थांबल्या नाहीत.

त्या संध्याकाळी परत येताना ओढ्याच्या वाटेवर आसाराम भेटला, आणि इथं त्याच्याबद्दल सांगायला हवं. आसाराम बंकटचा चुलतभाऊ. दोघं एका महिन्याच्या अंतरानं जन्मलेले, एका पालात वाढलेले, एकाच ताटात जेवलेले. दोन वर्षांपूर्वी नेकनूरच्या बाजारात आसाराम दहा माणसांत बंकटच्या एडक्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्ये एडकं हाय का बोकड?" बंकटनं आसारामच्या मिशीबद्दल जे उत्तर दिलं ते मास्तरानं लिहू नये. त्या दिवसापासून दोघांतून विस्तव जात नाही. दारं समोरासमोर, पण बोलणं बंद. निरोप असला तर साखराबाईमार्फत, तोही समोरासमोर उभं राहून, "वयनी, तुमच्या मालकाला सांगा," असा. त्या दिवशीही आसारामनं पावण्यांना रामराम घातला, मला घातला, आणि बंकट म्हणजे वाटेवरची बाभळ असल्यासारखा पुढं गेला. बंकटनं घोंगडीचं टोक आणखी घट्ट चावलं.

तिसरी सकाळ शेवटची. दुपारी गाडी निघणार होती. मोहिनीताईंच्या पिशव्या भरलेल्या मी पाहिल्या होत्या. भाकऱ्या थापणाऱ्या बायका मला येता-जाता विचारत होत्या, "दिसंल न्हवं, गुरजी?" जणू लांडगा माझ्या हजेरीपटावर होता.

धुकं इतकं, की पुढच्याचा रेनकोटच तेवढा दिसायचा. खडकाआड तासभर बसलो. मग वारं आलं, धुकं फाटलं, आणि खाली उतारावर, शंभर पावलांवर, दोन लांडगे. दोन! एकानं अंग झाडलं, पाण्याचे थेंब उडाले. दुसऱ्यानं जांभई दिली. इतका देखणा प्राणी मी या डोंगरात सात वर्षं राहून कधी असा निवांत पाहिला नव्हता. मोहिनीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. विजयसिंह नळी फिरवत होते. मी हळूच बंकटकडं बघितलं. घोंगडी दातात. शाबास, म्हणालो मनातल्या मनात.

तेवढ्यात त्याची हनुवटी खाली गेली.

मी बघितलं. ओढ्याच्या वळणावर मेंढरं चरत होती. आसारामची. आसाराम आमच्याकडं आणि लांडग्यांकडं पाठ करून तीन दगडांवर चहा उकळत होता, आणि त्याचं कुत्रं विस्तवाशेजारी मुटकुळं करून झोपलं होतं. उतारावरच्या लांडग्यांपैकी एक गवतात आरामात बसला, सगळ्यांना दिसेल असा. दुसरा तिथं नव्हता. बंकटची हनुवटी ओढ्याच्या काठाकाठानं सरकत गेली, आणि ती जिथं थांबली तिथं गवत हललं. मेंढरापासून वीस पावलांवर.

बंकटच्या मानेवरच्या शिरा तटतटल्या. मी त्याचा हात दाबला. हे लिहायला मला आवडत नाही, पण दाबला. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं तेही सांगतो. मेंढरू बंकटचं नव्हतं. ज्याचं होतं त्याच्याशी त्याचं बोलणं नव्हतं. आण होती, पावणे होते, वाडीतल्या बायका होत्या, आणि माझं नाक होतं. एका कोकराचं काय एवढं, असं मला वाटलं.

बंकटनं माझा हात काढून बाजूला ठेवला, अगदी हलकेच, लहान मुलाचा ठेवावा तसा. दातातली घोंगडी पडली. तो उठून उभा राहिला.

"आसाराऽऽऽम! मागं बघ बेऽऽ! वढ्यात हाय! वढ्याऽऽत!"

मग जे झालं ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर झालं. गवतातून लांडगा निघाला, कळप फुटला, कोकराची किंकाळी आली. आसाराम चहाचं भगुलं लाथाडून काठी घेऊन धावला, कुत्रं जागं होऊन भलत्याच दिशेला भुंकलं. वरून बंकटचं 'हाड हाड' अखंड चालू. लांडग्यानं तोंडातलं टाकलं आणि डोंगराआड गेला. उतारावरचा तर कधीच गेला होता.

 विजयसिंहांनी कॅमेरा पिशवीत घातला. "फोकस होतच आलं होतं," ते स्वतःशीच म्हणाले. माझा जीव नुसता जळत होता. बंकटला काय बोलायचं ते माझ्या जिभेवर आलं होतं, पण त्याआधीच तो माझ्याकडं वळला. 

"आण मोडली, गुरजी. बिरोबाला काय सांगायचं ते मी बगतो. पावण्यांला तुमी सांगा, की बंकट लबाड निगाला."

"काका..." मोहिनीताई पुढं आल्या. त्यांचं पुढचं बोलणं खालून आलेल्या हाकेत बुडालं.

"कोन वरडतंय बे वर?"

दोन वर्षांत आसारामनं बंकटला उद्देशून बोललेले हे पहिले शब्द. आणि कोण ओरडतंय हे त्याला ठाऊक नसेल, असं पंचक्रोशीत कुणी शपथेवर सांगणार नाही. बंकट खडकाच्या कडेला गेला. घसा खाकरला.

"तुज्या चुलत्याचं पोरगं!"

 खालून मेंढरांचं बें बें तेवढं.

"मंग वर काय करायलंय? खाली ये की. कोकराला दात लागलेत, मला उमगंना किती."

बंकट निघालाच. आम्हाला, नऊ पावण्यांना, मला, विचारणं नाही, सांगणं नाही. ओल्या गवतावरून घसरत, बसत, उठत, काठी टेकत तो उतारावरून जो गेला तो मागं वळून बघायला थांबला नाही. घोंगडी आमच्यापाशीच राहिली. बंकटशिवाय त्या धुक्यात आम्हाला परतीची वाट सापडणार नव्हती, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मोहिनीताईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. त्यांच्यामागोमाग बाकीच्यांनीही. पाऊस पुन्हा भुरभुरू लागला होता, नऊ रेनकोट खडकावर एका ओळीत, आणि नऊ दुर्बिणी ओढ्याच्या वळणावर. विजयसिंहांनी कॅमेरा पिशवीतून परत काढलाच नाही. बऱ्याच वेळानं ताईंनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

आसाराम उकिडवा बसला होता, कोकरू मांडीवर. बंकट समोर बसून त्याच्या मानेची लोकर बोटांनी बाजूला करत होता. दोघांची डोकी जवळ आली होती. आसारामनं काहीतरी विचारलं, बंकटनं मान हलवली आणि काहीतरी सांगितलं. मग आणखी काही. दोघं बोलत होते हे दिसत होतं, पण आमच्यापर्यंत एक शब्द पोचत नव्हता. बंकट बोलतोय आणि ऐकू येत नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.