चौदा सेकंदांची नोंद

कोर्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी स्टेनोबाईंची बोटं स्वस्थ बसायला शिकली नव्हती. बातम्या ऐकतानाही ती मांडीवर चालत राहत. वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक माहितीपट तयार होतोय आणि मुलाखती उतरवून काढायला माणूस हवंय असं कळलं, तशा त्या दुसऱ्याच दिवशी दोन्ही चष्मे घेऊन हजर झाल्या.

माहितीपट होता शहरातल्या धुलाई कारखान्यावर. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल तिथं धुतले जात. तो बंद पडून वीस वर्षं झाली होती. आता त्याची गोष्ट कारखान्याभोवतीच्या वस्तीतली माणसं सांगत होती. एका शिंप्याने कॅमेरा धरायला शिकून घेतला होता, एका नर्सने घरोघरचे फोटो गोळा केले होते, आणि बाहेरून आलेली तरुण दिग्दर्शिका या सगळ्यांची मोट बांधत होती. भिंतीवर एकच नियम चिकटवलेला होता: ज्याने सांगितलं, त्याला दाखवल्याशिवाय चित्रपटात काही जाणार नाही.

स्टेनोबाईंच्या कागदांवर मात्र कुणी न मागितलेली एक गोष्ट असे. बोलणारा थांबला की त्या स्टॉपवॉच लावून कंसात लिहीत: शांतता, तीन सेकंद. शांतता, सात सेकंद. घरी नणंदेची यावर भरपूर करमणूक होई. "वहिनी, लोक बोलतात ते लिहून होईना, आणि तुम्ही न बोललेलंही लिहायला घेतलंत," असं ती भाजी निवडता निवडता म्हणे. स्टेनोबाई हसून सोडून देत. खरं कारण त्यांनी नणंदेलाही कधी सांगितलं नव्हतं.

कोर्टात साक्षीदार बोलत, न्यायाधीश त्याचं सार सांगत, आणि त्या ते टाइप करत. एकतीस वर्षं. एकदा एका चौकीदाराला विचारलं गेलं, दाराला कुलूप तूच लावलं होतंस का. तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला, मग त्याने मान हलवली. 'साक्षीदार मान्य करतो,' असं सांगण्यात आलं आणि त्यांनी ते एकही चूक न करता टाइप केलं. त्याचं पुढे काय झालं, त्यांना कळलं नाही. त्यांचं काम पानाच्या तळाशी संपत असे. ते एक पान मात्र आत कुठेतरी यंत्रावर चढवलेलंच राहिलं.

कच्चा चित्रपट दाखवला त्या दुपारी पडद्यावर रूळवाली आली. सव्वीस वर्षं तिने वाफेवर तापलेल्या दोन रुळांमधून ओल्या चादरी सरकवल्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे फिकट डाग होते. प्रश्न आला: मालक तुम्हाला चांगलं वागवायचे? ती म्हणाली, "हो." आणि पाठोपाठ मालकाचा हसरा फोटो.

स्टेनोबाईंनी आपला कागद काढला. प्रश्न आणि 'हो' यांच्यामध्ये त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: शांतता, चौदा सेकंद.

संकलक भला माणूस होता. त्याने सांगितलं की रूळवाल्या बाई गोंधळल्यासारख्या दिसत होत्या, लोक हसले असते, म्हणून त्यांच्याच भल्यासाठी मधला भाग काढला. दिग्दर्शिका म्हणाली, "मावशी, त्यांना दाखवलंय हे. त्यांनी हरकत घेतली नाही. मग आपण कोण सांगणारे?"

दोन दिवस स्टेनोबाई स्वतःचीच उलटतपासणी घेत राहिल्या. त्या चौकीदाराचं ओझं आपण या बाईच्या डोक्यावर तर ठेवत नाही ना? ती खरंच नुसती गोंधळली असेल तर? पण पडद्यावरचा तो 'हो' त्यांना राहून राहून ऐकू येत होता, आणि तसा झटपट 'हो' कुणी म्हटलेलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी त्या तीन जिने चढून रूळवालीच्या दारात उभ्या राहिल्या.

तिने खुर्ची पुसून दिली. स्टेनोबाईंनी आपलं मत बाजूला ठेवलं आणि कोर्टात वाचावं तसं, आवाजाला कुठलाही रंग न देता, प्रश्न वाचला, आकडा वाचला, उत्तर वाचलं.

"चौदा?" रूळवाली म्हणाली. "एवढा वेळ?"

मग ती हातावरचे डाग चोळत राहिली. "त्यांनी दाखवलं तेव्हा मला वाटलं, आपण पटकनच बोललो असू. सिनेमात दिसलं म्हणजे तसंच झालं असणार."

त्या थांबण्यात काय होतं, हे विचारायला स्टेनोबाईंची जीभ शिवशिवत होती. पण ते ऐकायचा हक्क आपल्याला कुणी दिला, असं वाटून त्यांनी ती आवरली. मी स्टेनोबाईंची गोष्ट सांगायला घेतली ती या एका न विचारलेल्या प्रश्नासाठी.

"परत घाला ते," रूळवाली शेवटी म्हणाली. "हो म्हणाले ते काही मागे घेत नाही. पण सहज नव्हतं म्हटलं मी ते."

संकलकाने ते जसंच्या तसं परत घातलं, मालकाचा फोटो काढून टाकला, आणि या कामात त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

शाळेच्या सभागृहात चित्रपट दाखवला तेव्हा मागच्या तीन रांगा कारखान्यातल्या बायकांनी भरल्या होत्या. प्रश्न आला. पडद्यावर रूळवाली गप्प झाली. चार सेकंद, सहा सेकंद. पुढच्या रांगांत कुणी खोकलं, कुणी चुळबुळ केली. आवाज गेला असं समजून दाराजवळचा एक माणूस उठला आणि स्पीकरची वायर चाचपू लागला.

मागच्या रांगेतून एक बाई त्याला हळूच म्हणाली, "आवाज आहे, भाऊ. बस खाली."

तो बसला. स्टेनोबाईंची बोटं त्या क्षणी मांडीवर अगदी निश्चल होती.