अर्धेकच्चे पापड

अहेरीच्या आठवडी बाजारात गोकुळाबाईसमोर ‘बरफ’ हा शब्द काढायची कोणाची टाप नव्हती. नवरा उमाजीने पहाटे नदीतून मासोळी काढायची आणि हिने दुपारच्या आत विकून मोकळं व्हायचं, हा पंचवीस वर्षांचा नेम. एखाद्या नवख्या गिऱ्हाइकाने “बाई, बरफातली तं नाई ना?” एवढं विचारलं, की ती मरळीचे कल्ले उघडून त्याच्या नाकाशी धरायची आणि वर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. बरफातली मासोळी म्हणजे शिळी, आणि ती विकणारा लबाड. यावर दुसरं मत तिला मान्य नव्हतं. तसं कुठल्याच बाबतीत दुसरं मत तिला फारसं मान्य नसे.

अशा बाईची मुलगी दामिनी २००३ च्या उन्हाळ्यात बंगलोरहून घरी आली आणि म्हणाली, इंग्लंडच्या एका प्रयोगशाळेनं दोन वर्षांसाठी बोलावलंय.

“काय काम हाय तिथी?”

“आपल्या अंगात बारीक बारीक रेणू असतेत, आई. त्याईले एकदम गोठवाचं आन् फोटो काढाचे.”

“गोठवाचं? बरफात?”

दामिनीने भाबडेपणाने मान डोलावली आणि तिथेच फसली.

“इतकी शिकून बरफाचा धंदा करतं? नाई जाचं!”

सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. आईच्या तोंडून ‘जाय’ निघाल्याशिवाय दामिनीचा पाय घराबाहेर पडणार नव्हता, आणि आई तर तीन दिवस बोलतच नव्हती. उमाजी शहाणा माणूस. त्याने जाळं उचललं आणि नदी गाठली.

चौथ्या दिवशी गोकुळाबाई पापड तळत असताना दामिनी चुलीजवळ येऊन बसली.

“आई, आमी बरफ होऊच देत नाई. इतक्या झटक्यानं थंड करतो का पान्याले बरफ व्हाले सवडच भेटत नाई. रेणू उघडून राह्यला असते, त्याले तसाच थांबवाचा. एक लवकर, दुसरा जरा उशिरा, तिसरा आनखी उशिरा. मंग फोटो ओळीनं लावले का समजते तो कसा उघडते ते.”

“उशिरा म्हंजे किती?”

“पापणी लवाच्या आतच सारं होते.”

गोकुळाबाईने एक पापड तेलात टाकला आणि लगेच काढला. दुसरा जरा थांबून. तिसरा आणखी थांबून. असे सात पापड तिने सुपात ओळीने मांडले. पहिला नुसता तेलाने ओला, मधल्यांच्या कडांना फोड आलेले, शेवटचा टम्म फुललेला. तेवढ्यात जेवायला आलेल्या उमाजीने त्यातला एक उचलला.

“अवं, हा तं कच्चा हाय!”

“हात नोका लावू. पोरीचं काम हाय ते.” मग ती दामिनीकडे वळली. “हेच ना?”

हीच गोष्ट समजावायला दामिनीच्या सरांनी फळ्यावर दीड तास घेतला होता. तिला हसू आवरेना. “हेच, आई.”

“आन् याच्यासाठी इमानात बसवून बोलावतेत? येडेच हायेत लोक.”

मग तिने कढई खाली उतरवली आणि निखारे मागे ओढले.

“चार वर्सं तू बंगलोरले होती. तुही याद आली का डोयापुढं कायीच ये नाई. पोरगी कुठी उभी हाय, तिच्या हातात काय हाय, कायी नाई. बरफ गेला चुलीत. मले भेव होतं ते तू दिसनार नाई याचं.”

“मंग आधी काऊन नाई बोलली?”

“तू कधी विचारलं? आता दिसून राह्यली तू मले. जाय.”

दामिनीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि पुढच्या दोन वर्षांचं रडणं दोघींनी तिथेच उरकून घेतलं.