काउंटीची चौकशी

माझ्या लेकीला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि ती झाली. मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयच्या मराठी मंडळींत यावर बरीच गंमत चालायची. "सगळ्यांची मुलं माणसांची डॉक्टर होतात, तुमची गाईंची," असं एक काकू दर गणपतीत म्हणायच्या, आणि माझी बायको दर गणपतीत तेच उत्तर द्यायची, "गाई उलटून बोलत नाहीत, काकू."

पदवी मिळाल्यावर उन्हाळ्यात तिला नोकरीचं बोलावणं आलं. ट्रॉयपासून दोन-अडीच तासांवर, उत्तरेकडे, जिथे दुधाचाच धंदा आहे अशा एका काउंटीतून. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, पण माणसं एखाद्या तालुक्याइतकीही नाहीत. तिथल्या दवाखान्याची मालकीण सत्तरीला टेकलेली होती आणि पुढे सगळं हिच्याच हाती सोपवायचं तिच्या मनात होतं. लेकीला जायचंच होतं. होकार किंवा नकार ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतरच्या सोमवारी द्यायचा होता. मला मात्र एकच चित्र दिसायचं: कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना मका, आणि गाडीत माझी मुलगी एकटी, कुणा अनोळखी माणसाच्या गोठ्याकडे निघालेली.

आमच्या घराण्यात मुलगी कुठे पाठवायची म्हणजे आधी चौकशी. आत्याचं लग्न ठरण्यापूर्वी माझे आजोबा मुलाच्या गावी कुणाला न सांगता गेले होते आणि एसटी स्टँडवरच्या हॉटेलात दिवसभर चहा पीत बसले होते. विचारायचं काहीच नाही, नुसतं बसायचं, गाव आपणहून बोलतं, असं ते म्हणत. मी कुठल्या हॉटेलात बसणार होतो? मग मी ठरवलं, निकाल बघू.

कारण ऑगस्टच्या त्या पहिल्याच आठवड्यात मंगळवारी प्रायमरी होती. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी, म्हणजे इथल्या मुख्यमंत्रिपदासाठी, आपला उमेदवार कोण असावा, हे इथे पक्ष ऑगस्टमध्ये मतदारांकडूनच ठरवून घेतात. आमच्या राज्यात त्यासाठी पक्षाचं सभासद असावं लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात, आपण कुठलाही एक निवडायचा. निकाल काउंटीवार जाहीर होतो. एका पक्षातून उभा असलेला एक माणूस उन्हाळाभर सांगत फिरत होता की राज्य बाहेरच्यांनी भरून गेलंय आणि आता दारं लावून घ्यायची वेळ आली आहे. मी मनाशी हिशेब केला: लेकीच्या त्या काउंटीत याला किती पाठिंबा मिळतो ते बघायचं. कमी मिळाला तर जाऊ दे. जास्त मिळाला तर नाही.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय बाकीचं सगळं खोटं ठरेल. त्या मंगळवारी मी स्वतः त्याच माणसाला मत दिलं.

घरी मी म्हटलं होतं, प्रायमरीला कोण जातं. ऑफिसला निघालो आणि वाटेत शाळेच्या व्यायामशाळेतल्या मतदान केंद्रात शिरलो. मतपत्रिका देणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, "एकाच रकान्यात हं. दोन्हीकडे भरलंत तर मशीन परत बाहेर टाकतं." मी मान हलवली आणि एका रकान्यातला एक गोल नीट काळा केला. मला बरं वाटलं. ग्रीन कार्डच्या रांगेत माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. आई गेली तेव्हा माझे कागद अशा टप्प्यावर अडकले होते की देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. तिला अग्नी धाकट्या भावाने दिला, मी फोनवर बघितलं. हा माणूस जेव्हा "रांग मोडून आलेले" म्हणायचा, तेव्हा आत कुठेतरी मला वाटायचं, हा माझ्या बाजूने बोलतोय.

मत दिल्याचा गोल स्टिकर त्यांनी शर्टावर लावायला दिला. मी लावला. संध्याकाळी घरात शिरण्यापूर्वी गाडीतच काढून टाकला.

त्याला मत देणारा मी, आणि त्याला मत देणाऱ्यांची भीती वाटणाराही मीच. आता हे लिहिताना विचित्र दिसतं. त्या दिवशी दिसलं नाही. माझ्या डोक्यात ते दोन वेगळे लोक होते. माझ्यासारखे, विचार करून मत देणारे. आणि ते, तिकडचे.

संध्याकाळी आमच्याच वस्तीत राहणारा, मूळचा नागपूरचा मित्र आणि वहिनी आले. कॅनडातल्या वणव्यांचा धूर त्या आठवड्यात मिशिगनवर उतरला होता. सूर्य मावळायला बराच वेळ होता, पण तो तांब्याच्या जुन्या पैशासारखा दिसत होता आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. घराला वास लागू नये म्हणून आम्ही तळण गॅरेजमध्ये करतो. बायको तिथे विजेच्या शेगडीवर कांदाभजी काढत होती. बाहेर जळक्या लाकडाचा वास, आत तेलाचा. दार उघडं ठेवावं की बंद, हे कुणालाच ठरवता येईना.

लेक जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. पडद्यावर राज्याचा नकाशा होता, आणि मतदान संपल्यावर एकेक काउंटी रंगू लागली. त्या माणसाचा रंग तपकिरी होता.

"पोरी, तुझी कोणती?" मित्राने विचारलं.

"ती, काका. अजून व्हाइट आहे."

"व्हाइट तर राहणारच न," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही भजी खा."

थोड्या वेळाने ती रंगली. नुसती तपकिरी नाही, जवळजवळ काळी. लेकीने तिच्यावर बोट ठेवलं तशी आकड्यांची चौकट उघडली. बाकीचे उमेदवार खाली कुठेतरी बारीक अक्षरांत होते. बायको भज्यांचं ताट घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"बघा," ती मला म्हणाली. "मी सांगत होते ना, तिकडे नको पाठवायला."

"तू तिथे जायचं नाहीस," मी लेकीला म्हणालो. "मला आता आणखी काही बघायचं नाही."

"बाबा, इट्स अ प्रायमरी. किती लोक जातात व्होट करायला? आणि हा एकाच पार्टीचा मॅप आहे."

"जे गेले ते कोण आहेत ते कळलं ना."

तिने नकाशा खाली सरकवला. "ही आपली काउंटी. फिकी आहे, पण ब्राउनच आहे, बघ." मग तिने आमच्या काउंटीची वेबसाइट उघडली. तिथे मतदान केंद्रांप्रमाणे रंगवलेला नकाशा होता. "आणि ही आपली शाळा. मी जिथे फिफ्थ ग्रेडपर्यंत होते ती. इथे पण तोच पुढे आहे. मग इथून पण जाऊ का?"

मित्र खुर्चीत मागे रेलला. "त्यातलं एक माझं आहे न," तो म्हणाला.

"हो, अभिमानाने सांगा," वहिनी म्हणाल्या.

"काका, सिरियसली?"

"अगं बेटा, तो आपल्याबद्दल नाही बोलून राहिला. आपण लाइनीतून आलो. तो त्या दुसऱ्यांबद्दल बोलतो. काय बे, बरोबर आहे की नाही?" आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. आठवड्यापूर्वी आम्ही दोघं गाडीत हेच बोललो होतो, त्यामुळे त्याने पाहणं साहजिकच होतं. मी अगदी थोडीशी मान हलवली, नको म्हणून. त्याने एक भजं तोंडात टाकलं आणि टीव्हीकडे वळला.

"कोण लाइनीतून आलं ते त्यांना कसं कळणार, काका?" लेक म्हणाली. "माझ्या कपाळावर लिहिलंय?"

"ते बी आहे म्हणा," मित्र म्हणाला.

शुक्रवारी तिने सांगितलं, मी उद्या एकदा बघून येते, तू पण चल. मी गेलो. न जाऊन काय करणार होतो? धूर अजून विरला नव्हता. हायवे सुटल्यावर मका सुरू झाला, गाडीच्या टपापेक्षा उंच, आणि दर घरासमोर गवतात त्या माणसाच्या नावाची पाटी. मी आधी मोजत होतो, मग सोडून दिलं. एका वळणावर पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा दुकानातला माणूस काचेतून आमच्याकडे बघत राहिला. कदाचित गिऱ्हाईक म्हणून बघत असेल. मी लेकीला म्हटलं, तू गाडीतून उतरू नकोस. ती उतरली, आत गेली, आणि कॉफीचे दोन कप घेऊन आली.

डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या, पण गुडघ्यांनी थकलेल्या. एका गोठ्यावर गाय अडली होती. त्या म्हणाल्या, चला, कामच बघा. गोठ्याच्या वाटेवर टपालपेटीशेजारी तीच पाटी होती. मालक साधारण माझ्याच वयाचा, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. लेकीने कोपराच्या वरपर्यंत लांब हातमोजा चढवला आणि कामाला लागली. ती काय करत होती ते मला कळत नव्हतं, पण ती गाईशी मराठीत बोलत होती हे ऐकू आलं. "थांब ग, थांब, झालंच." वासरू बाहेर आलं तेव्हा मालक भिंतीला टेकून खाली बसला.

मी दाराशी उभा होतो. तिथे खुंट्यांवर टोप्या टांगलेल्या होत्या आणि खाली रबरी बुटांच्या जोड्या ओळीने ठेवल्या होत्या. वाळलेलं शेण तसंच होतं. मालकाने माझं लक्ष तिकडे गेलेलं पाहिलं.

"धारा काढणारी मेक्सिकोकडची पोरं," तो म्हणाला. "बुधवारपासून आली नाहीत. निकाल लागल्यावर कुणी काही बोललं असेल. मी आणि बायको दोघंच काढतोय."

मी बरं म्हटलं.

तो उठून माझ्याजवळ आला. त्याला माझ्याशी चांगलं वागायचं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. "तुमची मुलगी हुशार आहे," तो म्हणाला. "तिने इथे यावं. तुमच्यासारख्यांबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही हो. प्रश्न त्या दुसऱ्यांचा आहे." मग त्याची नजर खाली बुटांवर गेली.

हेच वाक्य मतदानाच्या आधी मी मित्राला गाडीत म्हटलं होतं, मराठीत. मित्राने ते माझ्या घरात, माझ्या टेबलाशी म्हटलं आणि मी मान हलवून ते लपवलं. आजोबा म्हणायचे ते खरं निघालं, गाव आपणहून बोललं. फक्त माझ्या तोंडचं बोललं.

परतताना लेक गाडी चालवत होती. मका संपेपर्यंत मी थांबलो.

"मंगळवारी मीही त्यालाच मत दिलं," मी म्हणालो.

तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. "आय नो."

"कसं?"

"काकांनी तुझ्याकडे पाहिलं ना. आणि शर्टवर स्टिकरचा गोंद होता. तू म्हणाला होतास जाणार नाही म्हणून." तिने पुढची एक गाडी ओलांडली. मग म्हणाली, "मला राग मताचा नाही आला एवढा. तू तेच मत दाखवून मला जाऊ नको म्हणालास, त्याचा आला."

मी आईबद्दल बोलायला लागलो, त्या कागदांबद्दल, फोनवर पाहिलेल्या त्या अग्नीबद्दल. तिला ते माहीत होतं. तिने ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"सोमवारी मी हो सांगणार आहे. तुझी चौकशी झाली ना? मी जे लोक बघितले ते मी बघितले."

सप्टेंबरमध्ये मी तिचं सामान पोहोचवून आलो. पाट्या तशाच होत्या. त्या गोठ्यावरून जाताना मी गाडी हळू केली. उघड्या दाराशी बूट दिसले नाहीत, आणि कुणी ते घालून परत कामाला लागलं होतं की मालकाने ते उचलून टाकले होते, हे रस्त्यावरून कळत नव्हतं. प्रायमरी त्यानेच जिंकली, आणि त्याचं नाव असलेली नोव्हेंबरची मतपत्रिका टपालाने आली आहे. ती फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली आहे. मी ती भरणार आहे, या वेळी वेगळी. पण ऑगस्टचा तो नकाशा मी अजून उघडतो, आणि आमच्या शाळेवरचा फिका तपकिरी तसाच असतो.

लेक रोज संध्याकाळी काम आटोपलं की फोन करते. परवा तिने सहज सांगितलं की एक पिकअप ट्रक बराच वेळ तिच्या गाडीमागून येत होता. ती वळली की तो वळायचा. दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला, थोडा थांबला आणि निघून गेला.

"त्याच रस्त्याला राहत असेल कुणी," ती म्हणाली.

"कोण होतं आत?"

"एक माणूस."

"कसा होता?"

ती आठवू लागली. "साधाच, बाबा," ती म्हणाली. "तुझ्या वयाचा."