पंचकातलं घर

आमच्या गोठ्यामागं नाला होता आणि नाल्यापल्याड सरकारी पडीत जमीन. त्या पडीतावर मातीची काही घरं उभी राहिली होती. गाव त्यांना मोगलाईपुरा म्हणायचं. हे नाव गावानं ठेवलेलं होतं, राहणाऱ्यांनी नाही. रझाकारांच्या धामधुमीत निजामाच्या मुलखातून, म्हणजे मोगलाईतून, जी माणसं पैनगंगा ओलांडून इकडं पळून आली, त्यांतली बरीच पुढं परत गेली. ज्यांना परत जायला घरच उरलं नव्हतं, ती राहिली. मी ज्या मावशीबद्दल सांगतेय, ती त्यांतली. सख्खी मावशी नव्हे. तिची पोर माझ्या बरोबरीची, आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, म्हणून मावशी.

पळताना मावशीनं घरातून काय आणलं, तर वरवंटा. पाटा जड, तो तिथंच राहिला. माझी माय तिला चिडवायची, "सारं घर सोडून वरवंटा आणला वो तुमी. कोणाले हाणासाठी?" मावशीही हसायची. नाल्यातला एक चपटा दगड उचलून आणून तिनं त्याचा पाटा केला होता. त्यावरचा तिचा मिरचीचा ठेचा, शिळी भाकर आणि आम्ही दोघी पोरी. त्या चवीचा ठेचा मी नंतर कुठं खाल्ला नाही.

मावशीचं एकच म्हणणं होतं. आता उठायचं नाही. "एकडाव उठले. आता मपलं घर सोडून कुठं जात नाही," म्हणायची. मपलं म्हणजे माझं, तिचा तिकडचा शब्द. गावातली कार्टी त्यावरून तिच्या पोरीला भंडावून सोडायची, तेव्हा मावशी आमच्यासारखं 'माह्यं' म्हणायला शिकली. चार बायकांत बसली की जपून बोलायची. आमच्यातली व्हायची फार हौस होती तिला. 

पण घर तिचं होतं कुठं? जागा सरकारची, परवानगी एकसाली, म्हणजे दर साली नवी. एक साहेब आला, तो हिंदीत बोलायचा. म्हणाला, पक्की भिंत उभी केली तर पाडून टाकू, तुम्हाला परत जायचं आहे. मावशीच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या काकांनी, अर्धी आलेली भिंत तशीच ठेवली. पुढच्या साली दुसरा आला आणि म्हणाला, भिंत अर्धी का, तुमचं राहायचं मन दिसत नाही. काकांनी भिंत पुरी केली. मग तिसरा आला आणि त्यानं विचारलं, कोणाला विचारून बांधली? असा सारा तमाशा. सिंधकडून आलेल्यांना एक कायदा, यांना वेगळा, आणि यांचा नेमका कोणता ते सांगणाऱ्यालाच ठाऊक नाही. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. आता कळतं आणि डोकं फिरतं.

हंगामात काका कापूस वेचायला इंझोरीकडं जायचे, महिना महिना यायचे नाहीत. मावशी मात्र सासूला आणि पोरीला घेऊन घरातच. एका दिवसासाठीसुद्धा तिनं कधी कुलूप लावलं नाही. आसेगावला लग्न असलं तरी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. साहेब कधी येईल याचा नेम नव्हता.

मग राज्य बदललं. आम्ही नागपूरचे होतो ते मुंबईचे झालो आणि मोगलाईसुद्धा मुंबईतच आली. शाळेत आम्हाला साखर वाटली. पटवारी पारावर बसून म्हणाला, "आता ते अन् आपण एकच. मंग हे कायचे निर्वासित?" पारावरची माणसं हसली. काका तिथंच उभे होते.

त्याच पटवाऱ्यानं काही दिवसांनी चांगली खबर आणली. नवा नियम होऊन राह्यला होता. वस्तीतल्या ज्या घरात ज्याचं राहणं दिसेल, ते घर त्याच्या नावानं कायमचं. पाहणी पावसाळ्यानंतर. मावशीनं त्या दिवशी गुळाचा शिरा केला आणि आख्ख्या पुऱ्यात वाटला. आमच्या घरी घेऊन आली तेव्हा मायला म्हणाली, "बाई, पावसाळ्यानंतर आमी बी गावचे." माय म्हणाली, "आता का परदेशचे हा?" मावशीचे डोळे भरून आले.

माघात मावशीची सासू गेली. म्हातारी होती, झोपेत गेली, त्यात वावगं काही नव्हतं. पण भटजींनी पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पंचक लागलेलं होतं. पंचकात माणूस गेलं की ते मागं आणखी माणसं ओढून नेतं, असं आमच्याकडं मानतात. त्याचा विधी असतो, आणि विधीनंतर ते घर बंद ठेवावं लागतं. भटजींनी तीन महिने सांगितले. आत चूल नाही, दिवा नाही, दाराला बोराटीचे काटे.

मावशी म्हणाली, "विधी सांगा, दान सांगा, उपास सांगा. घर सोडाले नका सांगू."

नाल्यावर धुणं धुताना बायकांत हाच विषय. एक म्हणाली, "मोगलाईत चालत असंन तसं. आमच्यात नाही चालत." मावशी चार पावलांवर लुगडं पिळत होती. तिनं ऐकलं. तिचे हात थांबले ते मी पाहिलं.

त्या संध्याकाळी माय तिच्याकडं गेली, मीही पदराला धरून गेले. माय मनानं वाईट नव्हती हो. तिला खरोखरच भीती वाटत होती. म्हणाली, "बाई, तुमच्या पोरीसाठी सांगून राह्यली मी. अन् उद्या गावात कोणाचं लेकरू आजारी पडलं, त लोक तुमचंच नाव घेतीन. आमच्या गोठ्यात राहा. तीन महिन्याचीच त गोष्ट हाय. पाहणी पावसाळ्यानंतर हाय, त्याच्या आंधी पंचकातून घर सुटते तुमचं."

मावशीनं भिंतीकडं पाहिलं, काकांनी बांधली-थांबवली त्या भिंतीकडं. मग म्हणाली, "आमी पाळलं, त गाव आमाले आपलं म्हणंन?"

"म्हणंन ना. काहून नाही म्हणणार?" माय म्हणाली.

विधी झाला. काकांनी दारासमोर काटे रचले. आमच्या गोठ्यातल्या दोन म्हशी बाबांनी बाहेर शेडात बांधल्या आणि त्या जागी मावशीचा संसार आला. नाल्यातला पाटा तिनं आणला नाही. म्हणाली, राहू दे, तिथं काहीतरी मपलं पाह्यजे. मला आणि माझ्या मैत्रिणीला तर आनंदच झाला, एका छताखाली झोपायला मिळालं. आता त्या आनंदाचीही लाज वाटते.

चैत्रात पाहणी आली. पावसाळ्यानंतर म्हणून सांगितलेली पाहणी चैत्रातल्या रखरखत्या उन्हात आली, कारण वाशीमला कुणाला तरी वरून हुकूम आला होता की लवकर उरका. साहेब नवा होता, पुण्याकडचं शुद्ध बोलायचा. घराघरांत डोकावत, चूल पाहत तो मावशीच्या दारापाशी आला. काटे वाळून कडकडीत झाले होते, अंगणात धूळ साचली होती.

"हे सोडून गेले वाटतं," साहेब म्हणाला.

मावशी आमच्या गोठ्यातून पळत गेली. डोक्यावर पदर नाही, हाताला शेण तसंच. "मपलं घर हाय साहेब," ती म्हणाली. शिकलेलं 'माह्यं' त्या घटकेला कुठं गेलं कोण जाणे.

"मग राहता कुठं?"

खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. "यांच्या गोठ्यात," तिनं आमच्याकडं बोट दाखवलं.

बाबा पुढं झाले. पंचक, काटे, तीन महिने, सारं त्यांनी समजावून सांगितलं. साहेब काही वाईट माणूस नव्हता. शांतपणे ऐकून घेतलं, पाणी मागितलं, प्यायला. मग म्हणाला, "मला समजतं. पण नियमात असं कुठं काही नाही. बंद घर रिकामं धरायचं, एवढंच लिहिलंय. अन् यांना राहायला तुमची जागा आहेच." बाबांनी पटवाऱ्याकडं पाहिलं. हा पटवारी आमच्याच गावचा, त्याच्या चुलत्याच्या वेळी त्यानं स्वतः घर बंद ठेवलं होतं. तो चपलेनं माती उकरत उभा राहिला. मोगलाईत असं चालत असेल म्हणणारी ती बाईही उभी होती. एक शब्द कोणी काढला नाही. माझी मायसुद्धा मुकाट होती.

काका वाशीमला हेलपाटे घालत राहिले. तिथं कधी साहेब दौऱ्यावर, कधी काम दुसऱ्या टेबलावर. आणि वैशाखात, घर सुटायला थोडेच दिवस राहिले असताना, त्या घरात सरकारनं दुसरं कुटुंब धाडलं. तीही कुठून तरी उठवलेली माणसं, कडेवर पोर, डोक्यावर बोचकी. त्यांनी काटे ओढून बाजूला फेकले आणि चूल पेटवली.

मावशी तिकडं गेली तेव्हा आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. मी आणि मैत्रीण मागोमाग धावलो. ती नवी बाई मावशीच्या दगडावर दुसऱ्याच एका गोट्यानं मिरची वाटत होती. मावशी अंगणातच थांबली. म्हणाली, "बाई, घर तुमचं, मी मागाले नाही आली. पर थोडे दिवस थांबा. घर अजून सुटलं नाही. तुमचं लेकरू लहान हाय."

त्या बाईनं मान वर केली. "थांबाले कुठं थांबू वो?" ती म्हणाली.

 मावशी परत आली आणि गोठ्यातला आपला वरवंटा माझ्या मैत्रिणीच्या हातून त्या बाईकडं धाडला. "गोट्यानं मिरची वाटल्या जात नाही," एवढंच म्हणाली.

जेठ लागायच्या आत मावशीचं बिऱ्हाड निघालं. कोणाच्या तरी शेतावर सालदारीनं, म्हणजे वर्षभराच्या चाकरीला, पुढचं पुढं. मायनं तिच्या पदरात ज्वारी बांधली.  मावशी तिला म्हणाली, "नियम पाळला ना बाई आमी?" टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. माझी मैत्रीण गाडीमागं चालत गेली, वळून पाहिलं नाही. ती मला पुन्हा कधी भेटली नाही.

पुढं काही वर्षांनी माझे बाबा गेले, तेही पंचकात. तेच भटजी आले, तेच पंचांग. घर बंद ठेवावं लागेल म्हणाले, भाऊबंदही म्हणाले. माय उंबऱ्यावर जाऊन बसली. "विधी सांगा, दान सांगा," ती म्हणाली. "घर सोडाले नका सांगू." मावशीचेच शब्द होते ते, मी एकटीनं ओळखले. भाऊबंद रागावले, बायांनी येणं बंद केलं, मायनं कोणाला जुमानलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चूल पेटवली.

तीन महिने सरले. घरात कोणाला साधा तापही आला नाही. त्या दिवशी माय गोठ्यात जाऊन, मावशीची चूल होती त्या कोपऱ्यात बसून रडली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती एवढी रडली नव्हती.