गोत्र बदललं तरी

माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना दुधाचा दात पडल्याचं निमित्त होऊन गेला. रक्त थांबेचना, आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. कर्जतला वडील शिक्षक होते. हा आपल्या घराण्याचा शाप, असं त्यांच्याकडच्या मंडळींनी ठरवून टाकलं. माझं लग्न जमलं तेव्हा मी घाबरून आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझं गोत्रच बदलणार गं. इथलं इथंच राहील." सासरी, खालापूरला, याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हेही तिनं बजावलं. मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं म्हणा.

आधी मुलगी झाली. तिच्या पाठीवर तीन वर्षांनी मुलगा. बाराव्या दिवशी सोनार कान टोचायला आला. बाळाला मांडीवर मीच धरलं होतं, आणि मी खुशीत होते, हे आजही आठवतं. मग फडक्यामागून फडकी भिजत राहिली. हळद लावली, तुरटी लावली. दुसऱ्या दिवशी सुईण म्हणाली, "रगत थांबत नाय गं बाई. तुमी डाक्टरकडं न्या." बैलगाडीनं कर्जतला पोचेपर्यंत बाळ पांढरंफटक पडलं होतं. संध्याकाळी ते गेलं.

डॉक्टरांनी माझ्या भावाचं विचारलं, मग आईच्या भावांचं. आई भिंतीला टेकून उभी होती. तिचे दोन भाऊ असेच गेले होते, आणि तिलाही तिच्या आईनं गोत्राचंच सांगून सासरी धाडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बापाच्या गोत्राचा यात काही संबंध नाही, बाई. हा दोष आईकडून येतो. तिला स्वतःला त्रास नसतो. तिच्या मुलग्यांत एखाद्याला होतो, एखादा सुटतो." मी कडेवरच्या मुलीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "हिच्यात उतरलाय का, ते आज सांगता यायचं नाही. हिला मुलगे झाले म्हणजे कळेल."

वर्षभर मी आईशी बोलले नाही. मोठी ताठ्यात होते! पुढे मुलीला चांगलं स्थळ आलं, तेव्हा मीही तोंडाला कुलूप घातलं.

सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी माझ्याकडे आली. एका दुपारी बाळासाठी कुंची शिवत बसली होती, तेव्हा माझ्याच्यानं राहवेना. सगळं सांगून टाकलं. मुलगा झाला तर त्याचे कान टोचू देऊ नकोस, म्हटलं. तिचा हात थांबला.

"हे लग्नाआधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुझं लग्न झालं नसतं गं."

तिनं सुई कापडात खोचली आणि कुंची बाजूला ठेवली.

"मला विचारायचं तरी होतंस, आई."