सेवकरामच्या गाडीचं आयुष्यभराचं तेल

नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, सेवकराम पटले राहतो. शेती धानाची, पण ओळख गाडीची. नागपूरच्या एका डॉक्टरांकडून त्यानं जुनी पांढरी ऑटोमॅटिक कार घेतली, तेव्हा गावात कोणी क्लच नसलेली गाडी पाहिली नव्हती. सेवकराम डावा पाय सीटवर मांडी घालून दुमडायचा आणि एकाच पायानं गाडी हाकायचा. समोरून ओळखीचं कोणी आलं, की गाडी थांबवून तो पाय दाखवायचा. "पाहा गा, रिकामा हाये!"

लग्नसराईत नवरदेवाला मिरवायला हीच गाडी लागे. एका वर्षी गावातल्या हिमांशूच्या लग्नातही लागली. वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशापासून मांडव हाकेच्या अंतरावर. हिमांशू मागच्या सीटवर मुंडावळ्या सावरत बसला, पुढे बँडवाले वाजवायला लागले आणि सेवकरामनं गिअरचा दांडा पुढे जायच्या डीवर टाकला. इंजिन गुरगुरलं. गाडी हलेना. ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन किंचाळलं, गाडी जागची जागीच.

"काऊन उभी हाये?" नवरदेवाच्या बापानं विचारलं.

"गरम होऊन राहिली," सेवकराम म्हणाला. कपाळावर घाम त्यालाच आला होता.

सहज म्हणून त्यानं दांडा मागं जायच्या आरवर टाकला, तर गाडी आज्ञाधारकपणे मागं सरकली. पुन्हा डी, पुन्हा ठप्प. मुहूर्त तोंडावर आलेला. मग सेवकरामनं मागं मागं घेतच गाडी वळवली, मान पाठीमागं फिरवली आणि नवरदेवाला उलटाच मांडवाकडं न्यायला निघाला.

बँडवाले सवयीनं पुन्हा बोनेटसमोर येऊन, त्याच्याकडं तोंड करून नाचत होते. गाडी त्यांच्यापासून लांब जायला लागली, तसे ढोल सावरत तेच गाडीमागं धावले. मांडवाच्या दारात नवरीची मावशी सुलोचनाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिच्यासमोर आली डिकी. क्षणभर ती गोंधळली. मग रीत मोडायला नको म्हणून तिनं डिकीलाच कुंकू लावलं, तांदूळ टाकले आणि ओवाळलं. फोटोवाल्यानं तोही फोटो काढला.

लग्न लागलं. गाडी मात्र ट्रॅक्टरला दोर बांधून सडक अर्जुनीला न्यावी लागली.

तिथं हायवेलगत दुर्गेशचं गॅरेज. त्यानं ट्रकांचे गिअरबॉक्स बरेच उघडले होते, ऑटोमॅटिकचा मात्र एकही नाही, आणि तसं त्यानं सांगूनही टाकलं. "भाऊ, याच्यातलं तेल कधी बदललं होतं?"

"बदलाचं नसते. डॉक्टरसाहेबानं सांगितलं होतं, आयुष्यभराचं तेल हाये."

"कोणाच्या आयुष्यभराचं?"

सेवकरामची बायको वच्छला शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब तं मागच्या साली वारले."

दुर्गेशनं नागपूरच्या एका मिस्त्रीला फोन लावला आणि तो सांगेल तसं केलं. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, दांडा पार्किंगच्या पीवर. मग गिअरबॉक्समधलं तेल मोजायची कांडी ओढून बाहेर काढली. ती जवळजवळ कोरडीच, टोकाला तेवढा काळा थेंब. वच्छलानं तो हुंगला.

"अजी, फोडणी जळली ना."

बरोबरच होतं. तेल जळकं झालं होतं, आणि खालच्या पॅनच्या गॅस्केटमधून गळून कमीही झालं होतं. सेवकराम म्हणाला, "मंग इंजिन ऑईल टाकू, घरी डबा हाये." दुर्गेशनं नको नको म्हणत स्वतःचे दोन्ही कान पकडले. कांडीच्या मुठीवर तेलाचा प्रकार कोरलेला होता. तोच हवा, किंवा त्याच्या जागी चालणारा.

दुसऱ्या दिवशी तेल आणायला दोघं नवराबायको गोंदियाला निघाली. नाव लिहून न्यायचं सोडून वच्छलानं ती कांडीच लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घेतली. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाये वं?"

"गाडीचं थर्मामीटर," वच्छला म्हणाली. ती बाई थोडी सरकून बसली.

दुकानदारानं काउंटरवर डबे मांडले. "लालवाला दूँ?"

"हाँ, एकदम लाल," सेवकराम म्हणाला.

"भैया, सब लाल ही आता है."

सेवकरामला वाघाचं चित्र असलेला डबा पसंत पडला. वच्छलानं कांडी उलगडली आणि एकेका डब्याची पाठ वाचायला घेतली. कांडीवर कोरलेल्या प्रकारचं तेल आता बाजारात येतच नव्हतं. वाघाच्या डब्यावर त्याचं नावही नव्हतं. एका साध्या डब्यावर मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं, की त्या जुन्या तेलाच्या जागी हे चालतं.

"हेच द्या."

"पण वाघ..." सेवकराम पुटपुटला.

"वाघ काय गाडी ओढते?"

गॅरेजात पॅन खोलताना सेवकराम मदतीला गाडीखाली शिरला आणि नेमका जुन्या तेलाच्या धारेखालीच सापडला. बाहेर आला तो डोक्यापासून छातीपर्यंत माखलेला, जळक्या वासाचा. दुर्गेशनं तेल गाळायची जाळी बदलली, नवं गॅस्केट बसवलं आणि कांडी पाहत पाहत थोडं थोडं तेल ओतलं.

"जुनं तेल अर्धंच निघते भाऊ. बाकीचं पोटात राहते. आता गाडी फिरवून आणा, नवं-जुनं मिसळू द्या, मंग पुन्हा काढू अन् पुन्हा भरू."

"मी बसू?" सेवकराम पुढे झाला.

"असे माखलेले? सीटचा सत्यानाश कराल," वच्छला म्हणाली आणि स्वतःच स्टिअरिंगमागं बसली. बांधावर भावाचा ट्रॅक्टर तिनं हाकला होता. गाडी कधीच नाही. ब्रेक दाबून तिनं दांडा डीवर आणला. गाडी गपकन पुढे निघाली. सेवकराम ओरडत मागं धावला, "धीरे, वच्छले, धीरे!" ढाब्यावरचे ट्रकवाले चहा सोडून उठले. त्यांना दिसली मजेत चाललेली एक बाई आणि तिच्यामागं पळणारा काळा-तेलकट माणूस. त्यातल्या एकानं सेवकरामला धरूनच ठेवलं. "ए, बाई को क्यों छेड़ता है?"

"अरे, बायको हाये माझी!"

"सब यही बोलते हैं."

वच्छला डोंगरगावच्या फाट्यापर्यंत जाऊन वळली. परत आली तेव्हा सेवकराम दोन पंजाबी ड्रायव्हरांच्या मधोमध बाकावर बसला होता. त्यांनी विचारलं, "बहनजी, ये आपका आदमी है?"

वच्छलानं काच खाली केली, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आंघोळ झाल्यावर सांगते."