भिंतीपलीकडचा ठोका

आमच्या आणि शेजारच्या मावशींच्या घराची मधली भिंत एकच आहे. मावशी गेल्या, त्याला आता महिना होत आला. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून घराची किल्ली आमच्याकडेच होती. श्रीरामपूरचा त्यांचा भाचा टेम्पो घेऊन सामान न्यायला येणार होता. मी कॉलेज बुडवून नगरहून गावी आले. आईला सामान बांधू लागायचं, एवढंच काम होतं. मला ते सोपं वाटलं होतं.

मावशी मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. तिथं पहाटे टेंपरेचर घ्यायला सगळ्या पेशंटना उठवावं लागायचं. नुसत्या हाकेने कुणी उठत नाही, म्हणून त्या लोखंडी खाटेच्या पायावर चमच्याने ठोकायच्या आणि पेशंट 'हां' म्हणेपर्यंत थांबायच्या नाहीत. नोकरी संपली तरी त्यांची पहाटेची जाग काही गेली नाही. मी दहावीला गेले तेव्हा त्यांनी मलाच पेशंट केलं. खलबत्त्यातल्या बत्त्याने त्या भिंतीवर ठोकायच्या. मी उठून आमच्या बाजूने लाटण्याने ठोकलं की मगच थांबायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलं नव्हतं. अभ्यास कसा करायचा हे सांगणारं कुणी नव्हतं. उठवणारं मात्र होतं.

मी नगरला होस्टेलवर गेले, तेव्हा ते ठोकणं बंद झालं असणार, असं मी धरून चालले होते.

भांडी गोणीत भरताना आईच्या हाताला तो बत्ता लागला. ती म्हणाली, "तू गेल्यावर बी ठोकायच्या."

"मग तू काय करायचीस?"

"काय करनार? लाटनं घ्यायचं आन् वाजवायचं. त्याबिगर थांबत्यात व्हय त्या! एकदा म्हनलं, मावशी, पोरगी नगरला हाय, तिला हितनं ऐकू जातंय का? तर म्हनल्या, तिला नसंल जात. पर पोरीची परीक्षा आन् आई घोरती, बरं दिसतं का?"

आई हसली. मग तिने पदर तोंडाला लावला.

"त्या दिशी ठोका आलाच न्हाई. म्या आपली लाटनं हातात धरून बसले. वाटलं, आज उशीर झाला आसंल. उजाडल्यावर गेले, तर..."

तिने बत्ता पुसून गोणीत ठेवला.

दुपारी भाचा आला. सोबत गवंडी होता. साखर कारखान्यातला एक कामगार भाड्याने राहायला येणार होता, त्याआधी भिंती नीट करायच्या होत्या. भाचा माणूस वाईट नाही. बायबल आणि मावशींचा फोटो त्याने स्वतः कापडात गुंडाळला. नाताळचा कागदी तारासुद्धा चुरगळू न देता टेम्पोत ठेवला. सगळं सामान टेम्पोत चढलं. शेवटी त्याने भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर काढलं.

मागे खळगा होता. गिलावा गेलेला, आतली वीट दिसत होती.

"आयला, उंदरांनी पार पोखरलंय की!" भाचा म्हणाला.

"उंदीर नाही, दादा," मी म्हणाले. पुढचं तोंडातून निघेना. वर्गातही माझं असंच होतं, उत्तर येत असतं आणि उभं राहवत नाही.

"मग काय हाय?"

"मावशींनी ठोकून ठोकून... मला उठवायला."

त्याने खळग्यात बोट घालून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ताई, पर आज गिलावा झालाच पायजे. उद्या मानसं येत्यात."

राहू द्या, असं मला म्हणायचं होतं. तेवढा खळगाच तर उरला होता त्यांचा. पण दुसऱ्याच्या घरात तो कशासाठी ठेवायचा, हे मला सांगता येईना. मी एवढंच म्हणाले, "थोडं थांबता का?"

टेम्पोतल्या गोणीतून बत्ता काढून आणला. त्याचं टोक खळग्यात नीट बसलं. इतकी वर्षं मी हा आवाज भिंतीच्या त्या बाजूने ऐकला होता. मी ठोकलं. पुन्हा ठोकलं.

पलीकडून लाटण्याचा ठोका आला.

आई पाहुण्यांसाठी चपात्या लाटत होती. गवंड्याची थापी घमेल्यातच राहिली. भाच्याने डोक्यावरची टोपी काढली. तेवढ्यात आई धावत दाराशी आली, पिठाच्या हाताने, लाटणं तसंच घेऊन. तिने आधी खोलीत सगळीकडे पाहिलं. मग माझ्या हातातला बत्ता पाहिला.

"तू व्हय," ती म्हणाली. आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने गवंड्याने विचारलं, "भरू का?"

भाचा माझ्याकडेच बघत होता.

"भरा," मी म्हणाले. माझा आवाज केवढातरी मोठा आला. खोलीत सामान नव्हतं ना.